ओट्याला लागलेली गाडी

गजेंद्र सकाळी पांढऱ्या गाडीतून गेला आणि संध्याकाळी लोखंडाच्या डब्यात बसून परत आला.

डबाच म्हणायचा तो. शेवाळी रंगाची जुनी कमांडर जीप, वर ताडपत्रीचं छत, मागं समोरासमोर दोन बाकडी. आवाज असा की नवागामच्या आमच्या गल्लीतली कुत्री आधी पळाली आणि मग लांब उभी राहून भुंकली. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते.

"गाडी कुठाय?" मी वरून विचारलं.

"ही काय."

"ही कोणाची?"

"आपली."

"मग आपली कुठाय?"

"ती आता दुसऱ्याची."

हातातला टॉवेल माझ्या हातून खाली पडला आणि नेमका जीपच्या ताडपत्रीवर पडला. गजेंद्रनं तो काढला, झटकला आणि त्यानंच बोनेट पुसायला लागला. चेहरा असा खुललेला की जणू लग्नातून नवरी घेऊन आलाय.

नवऱ्याला 'ते' म्हणायची पद्धत आहे. मला जमत नाही. ज्या माणसाच्या चड्ड्या मी वाळत घालते त्याला मी 'तो' म्हणते, कुणाला काय वाटायचं ते वाटो.

समोरच्या दारातून पुष्पाबाई बाहेर आली. गल्लीत पान हललं तरी ती बाहेर येते. जीपला एक चक्कर मारून तिनं माझ्याकडं बघितलं आणि आवाज बारीक करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "चंचल, काही कमीजास्त तर नाही ना? उठमणं वगैरे?"

सुरतच्या कापड बाजारात एखादा व्यापारी बुडाला आणि पसार झाला की त्याला उठमणं म्हणतात. आमचा पांडेसऱ्याला भरतकामाच्या मशीनचा लहानसा शेड आहे, मी घरात चार बायका घेऊन साड्यांना लेस लावते. आम्ही कुठं पसार होणार? पण या शहरात माणसाची पत त्याच्या बोनेटवरून ठरते. पांढरी गाडी गेली म्हणजे माणूस गेला. दुसऱ्याच दिवशी धाग्यावाला 'सहज' शेडवर येऊन चहा पिऊन गेला. वर्षभर सहज आला नव्हता.

आमची योगिता कॉलेजातून आली, जीप बघितली, आत आली आणि बॅग फेकली. "मम्मी, आ शुं छे? पप्पांनी भंगारचा धंदा चालू केला का?"

"बापाला विचार."

बाप भाकरी खात होता. म्हणाला, "फोर व्हील आहे."

"चार चाकं सगळ्याच गाड्यांना असतात, पप्पा."

"असतात. पण चारी ओढत नाहीत."

एवढंच. कारण विचारलं की हा माणूस घास मोठा घेतो, म्हणजे बोलावं लागत नाही.

मला राग का आला ते सांगते. ती पांढरी गाडी मला आवडायची. खोटं कशाला बोलू? लोक म्हणतात, आम्हा साध्या माणसांना कसली हौस. ज्यांच्याकडं दोन-दोन गाड्या असतात तेच असं म्हणतात. गजेंद्रचा बाप, माझा सासरा रघुनाथ, लिंबायतला लूम चालवून बहिरा झाला. त्या घरावर सिमेंटचा पत्रा होता, उन्हाळ्यात त्याच्याखाली माणूस शिजायचं. म्हणूनच की काय, गजेंद्रनं छत उघडणारी गाडी घेतली. योगिता त्यातून डोकं बाहेर काढून रील बनवायची. मी पुढं बसायचे, एसीचा झोत तोंडावर घ्यायचे आणि डोळे मिटायचे. त्या झोतासाठी मी त्या गाडीला सगळं माफ केलं होतं.

माफ करण्यासारखं पुष्कळ होतं. सीटवरचं प्लास्टिक गजेंद्रनं वर्षभर काढलं नाही, पाठ चिकटून सोलायची वेळ यायची. गाडीत खायचं नाही. चप्पल झटकून बसायचं. जेवताना दर दोन घासांनी हा उठून गॅलरीतून खाली बघायचा, कुणी टेकलंय का. एकदा पुष्पाबाईनं भाजीची पिशवी बोनेटवर टेकवली तर हा वरून असा ओरडला की तिच्या हातून भेंडी सांडली. आम्ही गाडी घेतली नव्हती, गाडीनं एक वॉचमन ठेवला होता.

आणि मग गेल्या वर्षीची आखाजी.

आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते. अक्षय तृतीया म्हणून बाकीचे सोनं घेतात, आम्ही लेकी घेऊन येतो. भाऊ तिच्या सासरी घ्यायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो दारात जातो, ओट्यावर बसतो, पाणी पितो, आणि मग सगळ्यांच्या देखत बहिणीला घेऊन निघतो. बहीण साठीची असो, नातवंडांची आजी असो, मुऱ्हाळी आला की ती लेकच असते.

गजेंद्रला एकच बहीण. सरलाबाई, आमची सगळ्यांची अक्का. त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई-बाप दोघंही कामावर जायचे तेव्हा अक्का गजेंद्रला कडेवर घेऊन लूमच्या फाटकापाशी उभी राहायची. सासू मधल्या सुट्टीत बाहेर येऊन त्याला पाजायची आणि परत आत जायची. अशी ही बहीण. तिला दिली मात्र उलट्या दिशेला. आख्खा खानदेश सुरतेकडं येत होता तेव्हा अक्का लिंबायतहून लग्न करून साक्री तालुक्यात गेली, कोंडाईबारीचा घाट ओलांडल्यावर आत, धामणदऱ्याच्या मळ्यात. सासू-सासरे गेले तसं तिचं माहेर म्हणजे नवागामातल्या आमच्या दोन खोल्या, एक खाली, एक वर. दर आखाजीला यायची. आई-बापाच्या नावाची घागर तीच भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायची, आंबा ठेवायची, आणि मला म्हणायची, "तू बठ. आज मना हातनं होऊ दे."

पूर्वी गजेंद्र एसटीनं जायचा. पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो ते गेल्या वर्षी. मी आणि योगिताही बरोबर होतो.

मळ्याच्या अलीकडं एक नाला आहे. त्यावर पूल होता. तीन पुढाऱ्यांनी त्याचं नारळ फोडून उद्घाटन केलं आणि एका पुरानं तो नेला. ठेकेदाराचा बंगला मात्र अजून उभा आहे, त्याला कुठलाच पूर लागत नाही. वैशाखात नाला कोरडा असतो, नुसते दगड. पलीकडं चढ, चढावर अक्काचं घर. नाल्याच्या काठावरून घराचा निंब दिसतो.

गजेंद्रनं गाडी थांबवली. उतरला. वाकून बंपरखाली बघितलं. दगड बघितले. परत बंपर बघितला.

"पायी जा," मी म्हटलं. "आम्ही बसतो गाडीत."

"तुम्ही एकट्या? गुरं जातायत इथनं. शिंग लागलं म्हणजे?"

शिंग मला लागायची काळजी नव्हती त्याला.

मग त्यानं जे केलं ते खानदेशात जन्मलेल्या माणसानं करायचं नाही. त्यानं फोन लावला. "अक्का, मी नाल्यापाशी आहे. गाडी वर येत नाही. तू ये ना खाली. पिशवी दाजींकडं दे."

पलीकडून फोन बंद झाला.

आम्ही एसी लावून बसलो. काचेतून निंब दिसत होता, निंबाखाली बायका जमलेल्या दिसत होत्या. खूप वेळानं अक्काचा नवरा, सुकलाल दाजी, उन्हात डोक्याला पंचा बांधून चढ उतरून आले. हातात सांजोऱ्यांचं गाठोडं. घामानं भिजलेले. त्यांनी गाठोडं बोनेटवर ठेवलं आणि म्हणाले, "गजू, ती येत नाही. ती म्हणे, मुऱ्हाळी दारमा येस, फोनमा नही."

आणि गजेंद्रनं काय करावं? पहिल्यांदा ते गाठोडं बोनेटवरून उचललं. उचलून छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं पत्रा चाचपला, ओरखडा आलाय का ते.

दाजींनी ते बघितलं. वळले आणि चढ चढायला लागले.

वर्षभर अक्कानं गजेंद्रचा फोन उचलला नाही. माझा उचलायची. माझ्याशी तासभर बोलायची, योगिताचं विचारायची, पुष्पाबाईचंही विचारायची, आणि मी "देऊ का याला?" म्हटलं की तिकडं गाय सुटायची, नाहीतर दूध उतू जायचं. आखाजीची घागर मी भरली. आंबा आधी की डांगर आधी यावरून माझी आणि गजेंद्रची भांडणं झाली, ती मिटली नाहीत, कारण ते सांगणारी तिकडं होती.

आमच्यात एक वर्ष लेक आली नाही तर लोक विचारतात. दुसऱ्या वर्षी आली नाही तर लोक विचारत नाहीत. माहेर संपलं असं धरतात.

हे सगळं मला माहीत होतं. तरी जीपचं आणि त्याचं मी जोडलं नाही, कारण मी एसीच्या दुःखात होते. जीपमध्ये पाऊल ठेवायचं नाही असं ठरवून मी बाजाराला रिक्षानं जायला लागले. गजेंद्र रोज शेडवरून येताना प्रवीणच्या गॅरेजमध्ये थांबायचा आणि हात काळे करून यायचा. प्रवीण त्याच्या शाळेतला, जीप त्यानंच शोधून दिली होती. पूर्वी ती कुठल्याशा धरणाच्या कामावर माणसं न्यायची म्हणे. गजेंद्रनं मागच्या बाकड्यांना नवीन रेक्झिन घातलं, खाली जाड फोम. मी म्हटलं, "मागं कोण बसणार आहे? राष्ट्रपती?" तर घास मोठा घेतला.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे मला उठवलं. "अक्काला आणायला चाललोय. येतेस?"

"ती येणार नाही."

"माहीत आहे. येतेस का?"

मी आले. का आले? नणंद माझीही आहे म्हणून. नवी नवरी म्हणून मी लिंबायतला आले तेव्हा माझा पहिला मांडा खापरावर फाटला, तर अक्कानं स्वतःचा नीट मांडा मुद्दाम फाडून सासूला दाखवला होता आणि म्हणाली होती, "खापरच वाईट शे." अशी नणंद कुणाला मिळते?

कडोदरा, बारडोली, व्यारा. त्या डब्यात बसून बारडोलीपर्यंत माझी कंबर वेगळी आणि मी वेगळी झाले. वारा गरम, ताडपत्री फडफडते, आवाजात काही ऐकू येत नाही. योगिता मागं तोंडाला स्कार्फ बांधून दरोडेखोरासारखी बसलेली. पांढऱ्या गाड्या सूं करून पुढं जायच्या आणि आतले लोक आमच्याकडं कीव आल्यासारखं बघायचे. मीही दोन वर्षं तशीच बघत होते.

सोनगडच्या पुढं मी ओरडले, "तिला आणायला नाला ओलांडून पायी गेला असतास गेल्या वर्षी, तर ही वेळ आली नसती!"

"काय?"

"पायी! पायी गेला असतास तर!"

"गेलो असतो तरी ती उतरली नसती!" तोही ओरडला. "तिचे गुडघे गेलेत!"

"काय गेलं?"

"गुडघे! दाजींनी सांगितलं दिवाळीला! दीड वर्ष झालं, ओट्यावरून खाली उतरत नाही ती! काठी धरून घरातल्या घरात!"

बाजूनं उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या ड्रायव्हरलाही कळलं असेल अक्काच्या गुडघ्यांचं. मला मात्र दर आठवड्याला तासभर फोनवर बोलून कळलं नव्हतं. एवढा राग आला मला तिचा! आमच्या बायका असंच करतात. मांडे खापरावर भाजतील, गुडघे शेतात झिजवतील, आणि विचारलं की म्हणतील, काही नाही, बरी आहे. दुखतंय म्हणायची लाज आणि रिवाज सांगायला मात्र जोर.

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनं दाजींना शपथ घातलीय. आणि तू फोनवर तिला झापलं असतंस."

झापलं असतंच.

"म्हणजे म्हणून ही जीप."

तो रस्त्याकडं बघत राहिला. पण या वेळी तोंडात घास नव्हता, त्यामुळं मला त्याचं तोंड दिसलं. पुढं मी ओरडले नाही. घसा पण बसला होता.

घाट ओलांडला, आत वळलो, नाल्यापाशी आलो. गजेंद्र थांबला. उतरला नाही, वाकला नाही. एक लहान दांडा ओढला, जीप खालच्या आवाजात गुरगुरली आणि दगडांत उतरली. मी डोळे मिटले. एक चाक वर, एक खाली, माझं डोकं लोखंडी नळीवर. योगिता मागून "पप्पा! पप्पा!" करत होती, आणि नाल्याच्या मध्यावर मला कळलं की ती रडत नव्हती, हसत होती. एक दगड खालून पत्र्याला असा घासला की दातांतून कळ गेली. गजेंद्रनं मान सुद्धा वळवली नाही.

चढ चढून जीप निंबाखाली उभी राहिली. मळ्यातल्या बायका बाहेर आल्या. ओट्यावर, दाराला पाठ टेकून अक्का बसली होती. पाय लांब सोडलेले. बाजूला काठी. केस पार पांढरे झालेले. आम्ही उतरलो तरी ती हलली नाही. जीपकडं बघत होती.

"ऊना का रे?" तिनं विचारलं, आलास का म्हणून. वर्षभरातले पहिले शब्द.

"ऊनू, अक्का."

"तुनी धवळी गाडी कोठे शे?"

"दिली."

"आन हाई काय शे? बैल कोठे शेत हिना?"

बायका हसल्या. सुकलाल दाजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. गजेंद्र ओट्यावर बसला, पाणी प्यायला, मुऱ्हाळीनं बसायचं तसा नीट बसला. मी अक्काच्या जवळ जाऊन कानात म्हटलं, "गुडघ्यांचं घरी चल, मग बोलते तुला." तिनं दाजींकडं अशी नजर टाकली की दाजी तांब्या घेऊन परत आत गेले.

"मी येवाव नही," ती म्हणाली. येणार नाही म्हणजे. पण गाठोडं बांधलेलं होतं. दाराच्या आत दिसत होतं मला, पत्र्याचा मोठा डबा, त्यावर गाठोडं, त्यावर तांब्याची घागर. वर्षभर तिला माहीत होतं का हा येईल? की दर वर्षी बांधून ठेवायची रीत? मी विचारलं नाही.

"चाल ना, अक्का," गजेंद्र म्हणाला.

"डबा ठेव आधी."

त्यानं डबा उचलला तर ती म्हणाली, "तू नको. तुना दाजी ठेवतीन. वर ठेवा, त्या बोनेटवर."

दाजींनी डबा बोनेटवर ठेवला. "पुढं सरकवा," अक्का म्हणाली. दाजींनी सरकवला. पत्र्याचा डबा, खाली गंजलेली कड. जो आवाज झाला तो ऐकून निंबावरचे कावळे उडाले. शेवाळी रंगात एक लांब पांढरी रेघ उमटली. सगळा मळा गजेंद्रकडं बघायला लागला, मी पण, योगिता पण.

"तुनी गाडीले ओरखडा पडना ना रे," अक्का म्हणाली.

गजेंद्रनं त्या रेघेकडं बघितलं. मग घागर उचलली आणि डब्याशेजारी बोनेटवर ठेवली. "अजून काही शे का?"

अक्कानं पदर तोंडाला लावला. हसली की रडली ते मला दिसलं नाही, ओट्यावर ऊन होतं. मग काठी टेकून उठली.

आणि इथं घोटाळा झाला.

ती ओट्यावरून उतरायलाच तयार होईना, कारण उतरून करायचं काय? जीप उंच. पाय ठेवायची लोखंडी पायरी अक्काच्या मांडीला लागेल एवढी वर. या माणसानं नाल्याचा विचार केला, चढाचा केला, फोमचा केला, वर्षभर केला. गुडघे गेलेली बाई गाडीत चढणार कशी, हा विचार त्याला शिवला सुद्धा नव्हता. पुरुषांचं प्रेम असंच. डोंगर ओलांडून येतात आणि पायरी विसरतात.

"मी उचलतो," गजेंद्र म्हणाला.

"मरी जाय! मी तुले कडेवर ली तवय तू मांजरना पिल्लूएवढा व्हतास. माले पाडशीन आन वर तूबी पडशीन."

"पाट ठेवू का?" दाजी म्हणाले.

"एका पाटानं काय होतंय? जिना लागेल," मी म्हटलं.

अक्काचा चेहरा उतरला. तिनं काठी भिंतीला लावली आणि खाली बसायला लागली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू दारमा ऊना, झायं. घागर घी जाय. माय-बापनी घागर तुनाच घर भरा." तू दारात आलास, झालं, घागर तेवढी घेऊन जा. हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती समजुतीनं म्हणाली.

गजेंद्र ओट्याकडं बघत होता. ओटा दगडाचा, कंबरेएवढा उंच, पुरात पाणी शिरू नये म्हणून उचललेला. मग त्यानं जीपच्या मागच्या फाळक्याकडं बघितलं. मग परत ओट्याकडं.

"सरका सगळे," तो म्हणाला, बोनेटवरचा डबा आणि घागर पुढच्या सीटवर ठेवली आणि जीपमध्ये चढला.

जीप वळवली. मागचं फाळकं उघडून खाली सोडलं आणि जीप मागं घ्यायला लागला. "येऊ द्या, येऊ द्या," दाजी ओरडत होते. योगिता ओट्यावर चढून हात हलवत होती, "पप्पा, अजून! थोडं डावीकडं! अरे तमारी डावी बाजू!" मी म्हणत होते, "बस, बस, भिंत पाडशील." त्यानं थांबवली नाही. मागचा लोखंडी दांडा ओट्याच्या दगडाला टेकला, खडूएवढा एक तुकडा उडाला, आणि जीप थांबली.

फाळकं ओट्याला लागलं होतं. वरखाली असलंच तर बोटभर.

अक्का उठली. काठी नको म्हणाली. माझा खांदा धरला, दाराच्या चौकटीला हात लावून नमस्कार केला आणि चालत गेली. उतरली नाही, चढली नाही. घराच्या ओट्यावरून माहेरच्या गाडीत, जमिनीला पाय न लावता. बाकड्यावर बसली, पाय उचलून लांब सोडले आणि खालचा फोम दाबून बघितला.

"हाई कोणी करं?"

"पप्पानी," योगिता म्हणाली.

"मऊ शे," अक्का म्हणाली. मग बाहेर उभ्या बायकांकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "मना भाऊ ऊना लेवाले. मी जास आते." माझा भाऊ न्यायला आलाय, मी निघते. ऐकणाऱ्या बायकांत अशा होत्या ज्यांनी गेल्या वर्षी निंबाखालून बघितलं होतं. त्यांना ऐकू जावं म्हणूनच ती मोठ्यानं बोलली. बोलावंच.

परत येताना मी मागं अक्काजवळ बसले. तिचे पाय माझ्या मांडीवर. व्यारापर्यंत मी तिला गुडघ्यांवरून झापलं आणि ती आवाजात ऐकू येत नाही असं दाखवत राहिली. पुढून गजेंद्र दर थोड्या वेळानं ओरडून विचारायचा, "अक्का, बरी शे ना?" आणि अक्का ओरडायची, "रस्त्याकडं देख!" बाकी रस्ताभर ती योगिताला बापाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होती. त्यातली एक मला नवीन होती. लूमच्या फाटकापाशी एकदा सासू बाहेर आलीच नाही, मुकादमानं सोडलं नाही, तर अक्कानं रडणाऱ्या गजेंद्रला घेऊन सरळ आत जाऊन त्याला मुकादमाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, आता तूच पाज.

गल्लीत आलो तेव्हा दिवे लागत होते. कुत्री पळाली, मग भुंकली. पुष्पाबाई बाहेर आली.

आता उतरवायचं कसं, हा प्रश्न मला बारडोलीपासून पडला होता. आमच्या दाराला ओटा नाही, गटारावरची एक फरशी आहे. मी वर गेले, साड्या घडी घालायचं आमचं टेबल कामाच्या बायकांनी आणि मी मिळून खाली आणलं. ते लावलं तर मध्ये अजून एक उतार हवा. पुष्पाबाईनं विचारलं, "कोण आलंय?" मी सांगितलं. ती आत गेली आणि तिचा दिवाण, ज्यावर तिनं आम्हाला कधी बसू दिलं नव्हतं, तो ओढत बाहेर घेऊन आली.

टेबल, मग दिवाण, मग फरशी. सगळं मांडून झालं.

"चाल, अक्का," गजेंद्र म्हणाला.

"थांब ना रे," अक्का म्हणाली. तिनं बाकड्यावरचे पाय काढलेही नव्हते. "जरा बठू दे. च्या आन आठेच."

तिनं चहा मागवला आणि जीपमध्येच बसली. सांजोऱ्यांचं गाठोडं सोडलं आणि फाळक्यावरून गल्लीला वाटायला लागली. पुष्पाबाईनं एक घेतली आणि तिला राहवलं नाही. "अक्का, यांची चांगली गाडी गेली हो. लोक काय काय बोलतात, उठमणं झालं म्हणून."

अक्कानं तिला अजून एक सांजोरी दिली.

"व्हयनं ना," ती म्हणाली. "मना भाऊ उठना आन माले लेवाले ऊना. तू खाय."

गजेंद्रनं पुढच्या सीटवरून डबा आणि घागर उतरवली आणि बोनेटपाशी उभा राहिला. त्या पांढऱ्या रेघेवरून त्यानं एकदा अंगठा फिरवला. मी बघत होते. मला वाटलं, आता गॅरेजमध्ये प्रवीणला फोन करेल, रंगाचा.

त्यानं बाहीला हात पुसला आणि मला म्हणाला, "डांगर आणलंस का? आधी डांगर की आंबा, विचारून ठेव तिला."